मदत हवी आहे: कुस्तीच्या जुन्या कॅसेटसाठी एमकेव्हीची योग्य मांडणी कशी करावी?

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या तालमीकडे खासबाग मैदानातील कुस्त्यांच्या व्हीएचएस कॅसेट आहेत आणि त्यांचे डिजिटल रूपांतर आम्ही सुरू केले आहे. मूळ प्रत कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसलेल्या खुल्या स्वरूपात जपावी, असा माझा आग्रह आहे. कारण आज उघडणारी फाईल पुढच्या पिढीच्या मल्लांनाही पाहता आली पाहिजे.

त्यासाठी मात्रोस्का, म्हणजे एमकेव्ही, कंटेनरमध्ये (चित्र, ध्वनी, सबटायटल्स एकत्र ठेवणारे फाईलचे स्वरूप) एफएफव्ही१ चित्र आणि फ्लॅक ध्वनी ठेवण्याचे ठरले आहे. दोन्ही कोडेक, म्हणजे चित्र-ध्वनी आटोपशीर साठवण्याच्या पद्धती, दर्जा न घटवता साठवतात, आणि इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२४ मध्ये मात्रोस्काचे तपशील आरएफसी ९५५९ या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध केल्याने भरवसाही वाटतो. शिवाय मूळ समालोचन, वस्तादांनी आता सांगितलेल्या आठवणींचा दुसरा ट्रॅक, मराठी सबटायटल्स आणि प्रत्येक कुस्तीचे चॅप्टर हे सारे एकाच फाईलमध्ये राहते. वेबएम या वेबसाठीच्या कंटेनरमध्ये एफएफव्ही१ बसत नाही, त्यामुळे तो फक्त संकेतस्थळावरील प्रतींसाठी वापरू.

अडचण अशी आहे की कॅसेटवरील चित्र पाल या टीव्ही पद्धतीचे, इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) विभागलेली आहे. काही फाईली व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट दिसतात, तर काहींत मल्ल ढाक हा डाव मारतो नेमक्या त्या क्षणी हातापायांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी होतात. मूळ प्रतीत डीइंटरलेस करू नये, म्हणजे फील्डपासून पूर्ण चौकटी बनवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मग एफएफएमपेग हे रूपांतराचे सॉफ्टवेअर वापरताना फील्डचा क्रम एमकेव्हीमध्ये कसा नोंदवावा, आणि आधीच तयार झालेल्या फाईलींत तो पुन्हा एन्कोड न करता दुरुस्त करता येईल का? असे काम केलेल्यांनी कृपया आपली कमांड कळवावी.