मदत हवी आहे: जीवाणूने पेशीचं ऐकलं की नुसतं खाल्लं, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे आणि तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. पेशीसंवर्धन किंवा अ‍ॅनारोबिक जीवाणूंवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्यांवर, हात बसलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

विषय आहे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात जीवाणू आणि माणसाच्या पेशी यांच्यातला संवाद. जीवाणू फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा मूळचा तोंडातला, दातांच्या किटणात राहणारा. २०११-१२मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना तो आतड्याच्या गाठींत, शेजारच्या निरोगी भागापेक्षा जास्त सापडला. पेशी एचटी-२९, म्हणजे अशाच एका गाठीतून आलेल्या.

जीवाणूकडून पेशीकडे काय जातं यावर वाचायला भरपूर आहे. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिनने धरून असतात. फ्युसोबॅक्टेरियमचं फॅडए नावाचं प्रथिन नेमकं तेच पकडतं. मग पेशीच्या आतलं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं जागी होतात. फॅप२ हे दुसरं प्रथिन तर शरीराच्या बचावातल्या मारेकरी पेशींवरच्या टिजिट या ग्राहीला चिकटून त्यांना गप्प बसवतं. माझ्याही प्रयोगात ही बाजू मिळाली. जीवाणू वाढवलेलं द्रव ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पेशींवर घातलं, सहा तासांनी आयएल-८ (पेशी सोडतात ते दाहाचं संकेत-प्रथिन) मोजलं. एलायझा या रंगाच्या चाचणीच्या प्लेटवर त्या ओळी अशा पिवळ्याधमक झाल्या की मी लगेच फोटो काढला.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हा एकपात्री प्रयोग झाला. दुसरं पात्र कधी बोलणार?"

म्हणून उलटी बाजू घेतली. एचटी-२९वर ४८ तास राहिलेलं माध्यम (पेशी वाढवायचं पोषक द्रव) गाळून जीवाणूंच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे त्यांच्या पोषक द्रवात, निम्मं मिसळलं. तुलनेला निम्मं ताजं माध्यम. दोन्ही अ‍ॅनारोबिक जारमध्ये. २४ तासांनी ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे जीवाणू किती वाढले त्याचं माप): पेशींचं माध्यम ०.६२, ताजं ०.४१. तीनदा केलं, तीनदा तसंच. माध्यम ९५ अंशांवर दहा मिनिटं तापवलं तरी फरक टिकला. म्हणजे प्रथिन नाही, मग मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे आरएनएचे छोटे तुकडे) असणार, असा मी निष्कर्ष काढला. २०१६मध्ये दाखवलं गेलंय की आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मायक्रोआरएनए विष्ठेत असतात, ते जीवाणूंच्या आत शिरतात, आणि त्यातल्या ५१५-५पी या एकाने फ्युसोबॅक्टेरियमची वाढ वाढते.

मॅडमचा पुढचा प्रश्न: "ऐकलं की खाल्लं?" म्हणजे पेशीच्या संदेशाने जीवाणू वाढला, की तिच्याकडून आलेल्या अन्नाने? इथे माझी दांडी उडाली. कुणी सांगेल का, हे वेगळं कसं करायचं?

प्रतिसाद १
तापवण्याचा पुरावा आधी बाजूला ठेवा. अमिनो आम्लंही दहा मिनिटांत कुठे जात नाहीत, आणि फ्युसोबॅक्टेरियमचं पोट साखरेपेक्षा अमिनो आम्लं आणि पेप्टाइडं यांवरच भरतं. ४८ तासांत फ्लास्कमध्ये थोड्या पेशी मरतात, फुटतात, आतला माल बाहेर येतो. जेवण वाढून ठेवल्यासारखंच आहे ते. आणखी एक, तुमच्या माध्यमात वासराचं सीरम असणार. त्यात गाईचे मायक्रोआरएनए आयते असतात, त्यामुळे मोजायला बसलात तर कुणाचे मोजताय कळणार नाही. शेवटचे २४ तास सीरमशिवाय ठेवून बघा.

पहिल्या भागातही एक मेख आहे. ०.२चा फिल्टर जीवाणू अडवतो, पण त्यांच्या बाह्य आवरणातून सुटणारे बुडबुडे, म्हणजे व्हेसिकल्स, आरामात पलीकडे जातात. त्यांनीही आयएल-८ वाढतं. तेव्हा 'विरघळलेला संदेश' असं अहवालात लिहू नका.

प्रतिसाद २
मी या क्षेत्रातला नाही, घरात एक रुग्ण आहे म्हणून वाचतोय. जीवाणूमुळे होत असेल तर अँटिबायोटिक देऊन काम होणार नाही का?

धागाकर्ती
दादा, २०१७मध्ये माणसाच्या फ्युसोबॅक्टेरियमवाल्या गाठी उंदरांत वाढवून मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक दिलं, तेव्हा गाठींची वाढ मंदावली होती. पण ते उंदीर होते. शिवाय ते औषध इतर अ‍ॅनारोबिक जीवाणूंनाही मारतं, आणि ब्युटिरेट बनवणारे त्यांतच येतात. ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या अस्तराचं रोजचं इंधन. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया काही सुरू करू नका. रुग्णाला आराम पडो.

प्रतिसाद ३
मॅडमना माझा नमस्कार सांगा, प्रश्न अचूक आहे. या विषयात 'संवाद' हा शब्द फार स्वस्त झालाय. काही ई. कोलाय कॉलिबॅक्टिन हे विष सोडून पेशीच्या डीएनएवर विशिष्ट खुणा करतात, त्यालाही लोक संवाद म्हणतात. ती मारहाण आहे हो.

तुमच्या प्रश्नाला सरळ उपाय: ५१५-५पी कृत्रिम बनवून मिळतो. तो मागवा, आणि सोबत तीच अक्षरं उलटीसुलटी केलेला, तेवढ्याच लांबीचा दुसरा. दोन्ही सारख्या मात्रेत वेगवेगळ्या नळ्यांत घाला. अन्न म्हणून दोघांत काडीचा फरक नाही. वाढ फक्त पहिल्याने झाली, तर जीवाणूने अक्षरं वाचली. आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) घालून परिणाम जातो का बघायचं असेल तर जपून. व्हेसिकलच्या आत किंवा प्रथिनाला बांधलेला आरएनए त्या विकराला सापडतच नाही, आधी डिटर्जंट आणि प्रोटिनेज लागतं, आणि ते दोन्ही काढल्याशिवाय जीवाणूंना द्यायचं नाही.

आणि एक बावळट प्रश्न, रागावू नका. तुलनेचं ताजं माध्यम कुठल्या बाटलीतलं?

धागाकर्ती
बावळट नाही हो. आत्ता फ्रीज उघडून आले. पेशींना मी पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, ही जीवाणू मारणारी औषधं) नसलेलं माध्यम देत होते, मुद्दाम वेगळी बाटली करून. तुलनेसाठी मात्र दारातली सामाईक बाटली उचलत आले. झाकणावर मार्करने बारीक 'पी/एस' लिहिलंय, अर्धं पुसलेलं. म्हणजे तीनही वेळा मी एका नळीत पेनिसिलिन घालून 'इथे वाढ कमी झाली' असं वहीत लिहिलं. तोंड कुठे लपवू?

प्रतिसाद ३
लपवू नका, वहीत तारखेसकट लिहा. आमच्याकडे एकाचा सहा महिन्यांचा 'निष्कर्ष' अशाच झाकणाखाली निघाला होता.

धागाकर्ती (सहा दिवसांनी)
पुन्हा केलं. दोन्हीकडे पेन-स्ट्रेप नाही, शेवटचे २४ तास सीरम नाही, आणि ताजं माध्यमही पेशींविना तेवढाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. पेशींचं ०.५८, ताजं ०.५३. फरक उरलाय, पण चिमूटभर. ताज्या माध्यमात अमिनो आम्लं जास्तीची घातली तर तेही ०.५७वर येतं.

मॅडमना आकडे दाखवले. "खाल्लं," एवढंच म्हणाल्या, पण कृत्रिम मायक्रोआरएनएच्या मागणीपत्रावर सही केली. आता प्रश्न मात्रेचा. ब्रॉथमध्येच आरएनए तोडणारी विकरं असतील तर तो जीवाणूपर्यंत पोहोचण्याआधीच संपेल ना? कुणी हे करून पाहिलं असेल तर किती घालता आणि दर किती तासांनी, ते लिहा. नळ्या सोमवारी येतायत.