हुजऱ्या आणि हुज्जत यांचा संबंध नाही

हुजऱ्या, म्हणजे मालकाच्या दिमतीचा नोकर, हा शब्द हुज्जतवरून आला, कारण हे लोक दारातच हुज्जत घालायचे, असं कुणी म्हणतं ते काही पटलं नाही बुवा. हुज्जत म्हणजे वाद, पुरावा, त्याचा अरबी धातूच वेगळा. हुजऱ्या आलाय हुजूरवरून, आणि हुजूर म्हणजे मुळात साहेब वगैरे नाही तर समोर असणं, सान्निध्य. हजर, हजेरी, हजरत ही सगळी त्याच घरातली भावंडं. अरबीत त्यातलं मधलं अक्षर 'द'च्या जवळचं आहे, फारसीत त्याचा 'झ' झाला आणि आपण नेहमीप्रमाणे 'ज' करून टाकला.

तर मालकाच्या समोर कायम हजर असणारा नोकर तो हुजऱ्या, म्हणजे निरोप ने, पाणी दे, जोडे उचल असली कामं. पण मालकाच्या जवळचा म्हणून त्याचा रुबाबही असणारच की! पेशव्यांच्या खास तैनातीतली फौज ती हुजरात, त्यांची स्वतःची पागा, म्हणजे घोड्यांचा तबेला, ती हुजूरपागा, आणि १८८४ साली निघालेली मुलींची शाळा पुण्यात त्याच जागेवर आहे म्हणून तिलाही लोक अजून हुजूरपागाच म्हणतात.

आता मात्र हुजरेगिरी म्हटलं की फक्त लाळघोटेपणा. चपराशाचंही तसंच काहीसं, चपरास म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, तो बिल्ला गेला पण नाव राहिलं. गडी, पोऱ्या यांच्याबद्दल कुणीतरी लिहा ना.