एक हजार यार्डांसाठी किती ग्रेनची गोळी? (.३०८, एफ-टीआर)

नेमबाज_३०८:
मंडळी, .३०८ विंचेस्टर, ३० इंची नळी, आटे १:११ (११ इंचांत एक फेरा). सहाशे यार्डांपर्यंत १६८ ग्रेनच्या गोळीवर काम भागतं (ग्रेन म्हणजे वजनाचं माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम). आता इंग्लंडमधल्या बिझलीच्या स्टिकलडाउन रेंजवर १००० यार्ड, एफ-टीआर गट (दोन पायांचा टेकू म्हणजे बायपॉड आणि दुर्बीण लावून). १५५, १८५ की २००? पुढे त्याच नळीवर टार्गेट रायफलही (दुर्बिणीविना खेळायचा गट) खेळायचा विचार आहे. "जितकी जड तितकी चांगली" हे खरं का?

वाराकाटा:
आधी नियम. टार्गेट रायफलमध्ये .३०८ साठी १५५-१५६ ग्रेनचीच गोळी चालते, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. एफ-टीआरमध्ये गोळीच्या वजनावर बंधन नाही. बंधन आहे ते काडतुसावर (.३०८ किंवा .२२३) आणि बायपॉड-दुर्बिणीसकट ८.२५ किलो वजनावर.

१६८ची जुनी मॅचकिंग (सिएरा कंपनीची गोळी) १००० यार्डांना नेऊ नका. ती ३०० मीटरसाठी घडवलेली आहे. तिच्या शेपटीचा उतार जास्त तीव्र असल्यामुळे वेग ध्वनीच्या जवळ आला की ती डगमगू लागते. टार्गेटवर भोकं गोल न पडता लांबट पडली तर समजा हेच झालंय. हलक्या १५५ला मात्र १००० यार्ड जमतात, कारण तिची शेपटी निमुळती आहे आणि ती ३० इंची नळीतून २९५० फूट प्रति सेकंदाच्या आसपास निघते.

दख्खनी_बायपॉड:
जड गोळीचा खरा फायदा वाऱ्यात. ताशी १० मैलांचा आडवा वारा धरला तर १००० यार्डांवर १५५ आणि २०० यांच्या सरकण्यात फुटाहून जास्त फरक पडतो. एफ-क्लासचं (एफ-टीआर त्यातलाच गट) पूर्ण गुणांचं वर्तुळ १० इंचांचं, म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी जड गोळी गुण वाचवते.

पण आट्यांशिवाय वजनाचा विचार करू नका. गोळी लांब झाली की तिला जास्त फिरकी लागते. २००ची लांब हायब्रिड (मिश्र आकाराच्या टोकाची) गोळी १:१० मध्ये आरामात बसते. १:११ मध्ये समुद्रसपाटीला, थंड दाट हवेत तिचा स्थिरता गुणांक १.३ च्या आसपास राहतो. गोळी उलटणार नाही, पण १.५ च्या खाली गेलं की हवा कापण्यातला फायदा थोडा बुडतो, आणि त्याच्यासाठीच तर आपण जड गोळी घेतो. १८५ला तुमची १:११ उत्तम.

नेमबाज_३०८:
आटे १:११ असल्याचं नळीवर कोरलंय, पण खात्री कशी करू? आणि थ्रोटचं (आटे सुरू होण्याआधीच्या मोकळ्या भागाचं) काय?

वाराकाटा:
रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. फिरत्या मुठीच्या सफाईच्या रॉडला घट्ट बसणारं फडकं लावून नळीत ढकला. रॉडवर एक खूण वरच्या बाजूला करा, रॉड सावकाश ओढा, खूण पुन्हा वर येईपर्यंत किती इंच सरकला ते मोजा. तीनदा करून सरासरी घ्या. फडकं सैल असेल तर आकडा खोटा येतो.

थ्रोट महत्त्वाचा. नळी १५५साठी आखूड थ्रोटने कापली असेल तर २००ची गोळी काडतुसाच्या केसमध्ये खोल बसवावी लागते, दारूची जागा जाते, दाब चढतो. म्हणून १५५चं दारूचं माप जड गोळीला कधीच लावू नका. त्या गोळीच्या लोडिंग पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून वर या.

दख्खनी_बायपॉड:
धक्का विसरू नका. जड गोळीवर बायपॉड उडतो, रायफल डावी-उजवीकडे वळते, आणि प्रत्येक फैरीनंतर पुन्हा जुळवण्यात वारा बदलून जातो. मागची पिशवी घट्ट, पायांखाली घसरणार नाही असा तळ, खांद्याचा दाब दर वेळी सारखा. हे जमत नसेल तर २००चा फायदा उभ्या फैलावात जातो. वेगात १० फूट प्रति सेकंदाचा फरक पडला तरी १००० यार्डांवर साधारण तीन इंच खालीवर होतं.

माझं मत: १८५ने सुरुवात करा. १८५ आणि १५५च्या दहा-दहा फैरी एकाच दिवशी आलटून पालटून झाडा, आणि फक्त उभा फैलाव मोजा. आडवा वाऱ्याचा असतो, त्यावरून गोळी पारखू नका. टार्गेट रायफल पक्की असेल तर १५५चं माप वेगळं तयार ठेवा, तिथल्या बिनदुर्बिणीच्या साइटची शून्य जुळणीही वेगळी लिहून ठेवा.