पावसाळ्यातलं खाजन आणि कच्चा हिरवा

गोव्यातल्या दिवाडी बेटावरची खाजन शेतं (बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलेली भातशेतं) जलरंगात रंगवताना हिरवा 'प्लास्टिकसारखा' दिसतो आणि आभाळात फुलकोबीसारखे डाग पडतात, अशी एका चित्रकाराची तक्रार आहे. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

डाग आधी. पावसात हवा दमट, त्यामुळे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, लवकर वाळत नाही. कागद अर्धवट ओला असताना त्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला, की ते पाणी रंगाचे कण कडेला ढकलतं आणि दातेरी कड उमटते. दुसऱ्या वेळचा ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा. फडक्यावर टिपून घ्या. नाहीतर हात आवरा, पूर्ण वाळू द्या.

हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका. अल्ट्रामरीन (निळा) आणि गॅम्बोज (पिवळा) मिसळा, वर चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). नुकत्या लावणीच्या रोपांत पिवळा जास्त, आणि रोपांमधून आभाळाचा करडा दिसलाच पाहिजे, कारण तिथं निम्मं पाणीच असतं. बांध आणि मानशीचा (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचा) चिरा, म्हणजे जांभा दगड, ओला असताना गडद, जांभळट होतो: बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन. विटेचा लाल लावलात तर मे महिना वाटेल.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), सुती. उघडा ठेवलात तर बुरशी त्यावरचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारा लेप) खाते, मग रंग टिपकागदासारखा शोषला जातो. घट्ट डबा, आत सिलिका जेल.

गोव्यातल्या सांग्यात १८७० साली जन्मलेले चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत. ती मुख्यतः तैलरंगात, पण सावलीतले रंग बघायला जाच.