उत्तर: तेजोमेघाचे फोटो – अंधारासोबत उकाडाही बघा

तेजोमेघांचे (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे) फोटो काढण्याबद्दल एकाने म्हटलंय की प्रकाशप्रदूषण हीच खरी अडचण, नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पात गेलं की काम झालं. अर्धं पटतं. पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा) दर्जा मिळालाय, आकाश छानच आहे. पण धनु राशीतला लगून तेजोमेघ (यादीतलं नाव एम ८) टिपायचा तर तो मे-जूनमध्येच मध्यरात्रीच्या सुमारास चांगला वर येतो, आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीही पारा तिशीच्या आसपास! सेन्सरचा डार्क करंट (प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे सेन्सरमध्ये तयार होणारा नको असलेला सिग्नल) साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. म्हणजे जानेवारीच्या बारा-तेरा अंशांत मृगातला एम ४२ तेजोमेघ घेताना जो त्रास जाणवत नाही, तोच इथे सात-आठ पट. कूलिंग (सेन्सर थंड ठेवायची सोय) नसलेल्या डीएसएलआरवर तीन-चार मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये लाल-निळे ठिपके भरभरून दिसतात, आणि लोक दोष देतात बिचाऱ्या लेन्सला.

म्हणून उन्हाळ्यात एक्स्पोजर मिनिटभराचं ठेवा, संख्या वाढवा. डार्क फ्रेम (फक्त सेन्सरचे ठिपके टिपणारे काळे फोटो, जे नंतर मूळ फोटोतून वजा करतात) तिथेच घ्यायच्या, लेन्सला झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढाच वेळ. काही मध्ये, काही शेवटी, कारण पहाटेपर्यंत तापमान उतरत जातं. घरी येऊन कूलरसमोर घेतलेल्या डार्क फ्रेम कामाच्या नाहीत. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) असेल तर दर काही फ्रेमनंतर चौकट किंचित सरकवा (डिदरिंग); स्टॅकिंग करताना (सगळे फोटो एकत्र करून एक बनवताना) उरलेले गरम पिक्सेल, म्हणजे ते रंगीत ठिपके, बरेचसे निघून जातात. बजेट वाढवायचंच असेल तर मी मोठ्या दुर्बिणीआधी कूलिंगवाला कॅमेरा घेईन.