आठ आठवडे सांभाळून पिल्लू दुसऱ्याच्या हाती देणे हा निर्दयपणा आहे का?

पहाटेची बाटली :
मांजरीची अनाथ पिल्ले तात्पुरती सांभाळून पुढे दत्तक देणाऱ्यांविषयी काल एका सदस्यांनी जे लिहिले, ते रात्रभर माझ्या डोक्यातून गेले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्यांना मांजर जन्मभर ठेवायचे नाही त्यांनी ते घरात आणूच नये. आठ आठवडे अंगाखांद्यावर खेळवून पिल्लू परक्याच्या ओटीत टाकणे ही सेवा नसून हौस आहे आणि ती पिल्लाच्या जिवावर भागवली जाते.

माझ्याकडे सध्या चार पिल्ले आहेत. आली तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, दोघांच्या पोटाला नाळेचा वाळलेला तुकडा चिकटून होता आणि सर्वांत लहान पिल्लू काट्यावर ८८ ग्रॅम भरले. पहिला आठवडा दर दोन तासांनी दूध पाजावे लागते, रात्रीसुद्धा. या वयात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही आणि आपण होऊन शी-शूही करता येत नाही; आई चाटते तेव्हाच ती होते, म्हणून प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने हलकेच पुसत राहावे लागते. अंग गार पडले असेल तर आधी ऊब द्यायची आणि मगच दूध, कारण गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. पाजायचे ते पालथे ठेवूनच. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाऊ शकते. रोज ठरलेल्या वेळी वजन करायचे. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ झाली तर झोप लागते, आकडा जागचा हलला नाही तर लागत नाही, आणि खाली आला तर पशुवैद्यांचे दार ठोठवावे लागते.

आजवर माझ्या घरातून २३ पिल्ले दत्तक गेली आहेत. पहिली तीन मी ठेवून घेतली असती, तर नंतरच्या वीसांना या घरात जागा नव्हती. देताना मला दर वेळी रडू येते, पण ते रडू माझे आहे. त्यासाठी पुढच्या पिल्लाने बाहेर मरावे असे मला वाटत नाही.

उंबरठा :
काल ते मीच लिहिले होते आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. तुमच्या कष्टांविषयी मला शंका नाही, परंतु कष्ट केले म्हणून कृती योग्य ठरते असे नव्हे. मी एक मांजर दत्तक घेतली, ती माझ्याकडे येण्यापूर्वी दोन घरे फिरून आली होती. आल्या दिवशी कपाटाखाली शिरली, ती तीन आठवडे आम्ही जागे असताना बाहेर आली नाही. रात्री सगळे निजल्यावर चार घास खायची आणि पहाटे पुन्हा आत. ज्या घराचा वास तिने आपला मानला होता, ते घर तिच्याकडून दोनदा काढून घेतले गेले होते, आणि देणाऱ्यांनी जाताना ‘सवय होईल’ एवढेच सांगितले होते. उलट माझी मात्र त्यांनी कसून चौकशी केली: खिडक्यांना जाळी आहे का, घर भाड्याचे आहे का, घरातली सगळी माणसे राजी आहेत का! पिल्लाला दोनदा उपटणाऱ्यांनी माझ्या मायेची परीक्षा घ्यावी, याचा मला आजही संताप येतो.

आणखी एक विचारते. ही चार पिल्ले तुम्हाला मिळाली कशी? बहुतेक वेळा आई भक्ष्य शोधायला गेलेली असते आणि दयाळू माणसे पिल्ले उचलून पसार होतात. मांजर पिल्लांना सात घरी फिरवते हे लहानपणापासून ऐकले असताना, आईला ती फिरवायला तरी वेळ द्यावा की नाही?

सावली :
मूळ वादात मला पडायचे नाही, पण शेवटच्या मुद्द्यावर ‘उंबरठा’ यांचे शंभर टक्के बरोबर आहे. पिल्ले स्वच्छ, उबदार, पोट भरलेली आणि गाढ झोपलेली असतील तर त्यांना आई आहे आणि ती येणार आहे. मळलेली, गार आणि सतत कण्हणारी असतील तर गोष्ट वेगळी. लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. माणूस जवळ असला की आई फिरकत नाही. मी पिल्लांभोवती पिठाचे पातळ कडे घालून ठेवते आणि परत येऊन त्यात पंजाचे ठसे उमटले आहेत का ते पाहते. पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लांना जी रोगप्रतिकारशक्ती मिळते, ती कोणत्याही डब्यातल्या दुधात नसते. आई असताना उचललेले पिल्लू हे वाचवलेले पिल्लू नव्हे.

पहाटेची बाटली :
या चौघांची आई वाहनाखाली सापडून मेली आणि ती मी माझ्या हातांनी पुरली. कोणतीही चौकशी न करता मला पिल्ले पळवणारी ठरवले, याचे मला फार वाईट वाटले आणि तसे स्पष्ट सांगते.

मात्र सावलीताई, तुमच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. माझी दुसरी खेप अशीच चुकीची होती. जिन्याखाली तीन पिल्ले दिसली, मी तासभरही न थांबता उचलून घरी आणली. रात्री दोन वाजता खालून मांजरीची हाक ऐकू येऊ लागली. घशातून काढलेली ती खोल, गुरगुरती हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मी पिल्ले टोपलीत घालून खाली नेली, जिन्याखाली ठेवली आणि वरच्या पायरीवर अंधारात बसून राहिले. एकेकाला मानेला धरून तिने तीन खेपांत नेले. तिसऱ्या खेपेनंतर ती पुन्हा आली आणि रिकामी टोपली हुंगत राहिली, बहुधा चौथे आहे की काय ते पाहायला. त्यानंतर मी वाट पाहिल्याशिवाय एकही पिल्लू उचललेले नाही.

जुना वाचक :
पिठाचे कडे, काटा, दर दोन तासांनी दूध, हे सारे ऐकून सामान्य माणूस पिल्लू वाचवण्याच्या फंदातच पडणार नाही. आमच्या घरी पिल्लांना बशीत गाईचे दूध ठेवत असत आणि पिल्ले जगत असत. एवढे स्तोम माजवण्याची गरज नाही.

सावली :
जगलेली पिल्ले तुम्हाला आठवतात, कारण ती अंगणात फिरत राहिली. मेलेली कुणी मोजली नाहीत. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या मानाने प्रथिने आणि चरबी कितीतरी जास्त असतात, आणि गाईचे दूध पिल्लांना नीट पचत नाही. हगवण लागलेले शंभर-दीडशे ग्रॅमचे पिल्लू एका दिवसात सुकून जाते. मी ते माझ्या तळहातावर पाहिले आहे आणि ते दूध मीच पाजले होते, माहिती नसल्यामुळे. तेव्हा कृपा करून याला स्तोम म्हणू नका.

दोन खोल्या :
या चर्चेत घरातल्या जुन्या मांजराविषयी कुणी बोललेच नाही. माझ्याकडे एक बोका होता, लसीकरण राहून गेलेला. एक देखणे पिल्लू आणले, वेगळे ठेवले नाही, कारण दोघे पहिल्याच दिवशी एकमेकांना बिलगून झोपले आणि मला ते पाहून भरून आले. पाचव्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, आठवडा संपता संपता बोका आजारी पडला, आणि दोघेही गेले. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा एक जीवघेणा संसर्गजन्य आजार. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि नेहमीच्या साबणाने मरत नाही. किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, हात धुणे, कपडे बदलणे आणि घरच्या मांजरांच्या लसी वेळेवर, एवढे ज्याला जमत नाही त्याने तात्पुरता सांभाळ करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावे’ असे आवाहन वाचले की मला माझा बोका आठवतो.

उंबरठा :
‘दोन खोल्या’ यांचे लिहिणे वाचून काय बोलावे कळत नाही. दुःख वाटले.

मूळ प्रश्नावर कुणी उत्तर दिलेले नाही, म्हणून पुन्हा विचारते: पिल्लाला तुटल्याचे दुःख होत नाही, असे तुमचे म्हणणे आहे का?

पहाटेची बाटली :
नाही, तसे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे असे, की दोन ते सात आठवड्यांच्या काळात पिल्लू माणसाचा हात, आवाज, वास ओळखायला शिकते, आणि तो काळ माणसाशिवाय गेला तर पुढे माणसाजवळ यायला त्याला फार जड जाते. तुमची मांजर तीन आठवड्यांनी का होईना, बाहेर आली, ती त्या आधीच्या कुणाच्या तरी हातांमुळे आली असेल. खिडकीच्या जाळीचा प्रश्न मीही विचारते, कारण उघड्या खिडकीतून माझे दिलेले एक पिल्लू पडले आहे. त्यात तुमच्या मायेचा अपमान करण्याचा हेतू नसतो.

उंबरठा :
दोन ते सात आठवड्यांचे मान्य करते. माझी मांजर माणसाला घाबरत होती तरी तिने कधी नख लावले नाही, हे खरे आहे. पण तिच्याबरोबर तिच्या आधीच्या अंथरुणाची चिंधीसुद्धा आली नव्हती. कोरा पिंजरा आणि कोरा टॉवेल. तुम्ही काय पाठवता?

पहाटेची बाटली :
स्वच्छतेच्या नावाखाली मी देण्याच्या आदल्या दिवशी सगळी अंथरुणे गरम पाण्यात धुते आणि नवे फडके देते. तेवीसही वेळा असेच केले. दत्तकपत्रात लसींच्या तारखा, जंतांचे औषध, नसबंदीची वेळ, सगळे लिहिते आणि वासाचा विचार केला नव्हता. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पिल्ले निरोगी असतील तर यापुढे न धुतलेले फडके बरोबर जाईल, आणि शक्य तिथे दोन पिल्ले जोडीने.

उंबरठा :
ते फडके धुऊ नका असे नव्या घरच्यांनाही लिहून द्या, नाहीतर ते पहिल्याच दिवशी धुतील. बाकी माझे मत बदललेले नाही. आणि ८८ ग्रॅमचे ते पिल्लू आज किती भरले, ते लिहायचे राहिले आहे.

पहाटेची बाटली :
११९. डावा डोळा कोपऱ्यातून उघडू लागला आहे.