अनुभव धागा : डोंगराच्या पोटातला एक दिवस आणि उजेड धरणारे मित्र

पावसाळा सरून पायवाटा वाळल्या की साताऱ्याकडची आम्ही काही मंडळी कॅमेरे आणि बॅटऱ्या (टॉर्च) घेऊन लेण्यांकडे आणि गुहांकडे वळतो. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या लेण्यात, गुहामंदिरात वा नैसर्गिक गुहेत आपण मित्रमंडळींसह छायाचित्रणासाठी दिवस घालवला असेल, तर तो अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. छायाचित्र कसे मिळाले हे सांगताना ते कोणाच्या मदतीने मिळाले, हेही आवर्जून लिहावे. अंधारात कॅमेऱ्यामागचा माणूस एकटा काहीही करू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात मीच करतो; पुढचे अनुभव इतर मंडळींनी आपापल्या शब्दांत लिहिले आहेत.

आगाशिव, कराड

कराडजवळच्या आगाशिव डोंगरात जखिणवाडीच्या अंगाला बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. त्यांची संख्या ६४ सांगितली जाते. बहुतेक लेणी आकाराने लहान आणि कोरीवकाम बेताचे, त्यामुळे वेरूळ-अजिंठा डोळ्यांसमोर ठेवून आलेला माणूस अर्ध्या तासात परततो. आम्ही चौघे मात्र सकाळी आठला चढलो ते दिवस कलेपर्यंत तिथेच होतो. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड (कॅमेऱ्याची तिपाई) लावायचा तर परवानगी लागते, ती आम्ही आधीच काढून ठेवली होती.

एका विहारातील (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यातील) कोठडीत भिक्षूंसाठी कोरलेला दगडी ओटा आहे. पहिले छायाचित्र कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने घेतले, तेव्हा मागची भिंत चुना फासल्यासारखी सपाट दिसली आणि आमच्याच पावलांनी उडालेल्या धुळीचे पांढरे ठिपके चित्रभर पसरले. काळा कातळ उजेड गिळतो, हे त्या दिवशी पुरते कळले. मग फ्लॅश बंद केला. ओट्यावर बॅटरी ठेवून तिच्या उजेडात फोकस साधला आणि तो हलू नये म्हणून मॅन्युअलवर टाकला. छिद्र (लेन्सचे उजेड आत घेणारे तोंड) एफ ८, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) २०० आणि शटर ३० सेकंद उघडे. व्यवसायाने वायरमन असलेला माझा मित्र चौकटीबाहेर भिंतीला जवळजवळ चिकटून उभा राहिला आणि भिंत सारवावी तशा संथ हाताने त्याने बॅटरीचा झोत कडेने फिरवला.

पडद्यावर चित्र उमटले तेव्हा आम्ही चौघेही गप्प झालो. छिन्नीच्या प्रत्येक घावाला सावली आली होती. डावीकडचे घाव तिरपे, सारख्या अंतराचे, जणू एका लयीत पडलेले. कोपऱ्यापाशी ते अचानक उभे आणि आखूड होतात. तिथे एका कारागिराचा हात थांबून दुसऱ्याचा सुरू झाला असावा. भरदुपारच्या उजेडातही हे आम्हाला दिसले नव्हते. ते चित्र मी दाखवतो तेव्हा त्याखाली माझ्या आधी त्या वायरमन मित्राचे नाव असते.

राजपुरी, पाचगणी

मी वाईच्या बाजूला भूगोल शिकवतो, म्हणून आधी दगडाविषयी लिहितो. आगाशिवची लेणी माणसाने कोरली; पाचगणीजवळच्या राजपुरीच्या गुहा पाण्याने घडवल्या. आपल्याकडचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर त्याचाच वरचा थर पावसाने झिजून, कुजून जांभा झाला. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे जांभ्याचे वरचे कवच टणक होते आणि त्याखाली मऊ माती राहते. झिरपणारे पाणी ती माती वाहून नेते आणि पोकळी उरते. चुनखडीच्या प्रदेशातील लवणस्तंभ येथे शोधू नयेत.

शाळेतील तीन सहकाऱ्यांसह तेथे गेलो तेव्हा आम्ही कार्तिकस्वामींचे दर्शन घेऊन कामाला लागलो. जांभ्याचा खरा रंग टिपणे अवघड गेले, कारण एकाच्या बॅटरीचा उजेड पिवळा होता आणि दुसऱ्याच्या बॅटरीचा निळसर; एकाच छतावर दोन ऋतू दिसत होते. शेवटी सर्वांच्या बॅटऱ्या बंद ठेवून एकच वापरली. जाणाऱ्या प्रत्येक गटाला माझे सांगणे आहे की, उजेडाचा रंग घरीच जुळवून घ्यावा. तसेच दर माणशी तीन स्वतंत्र बॅटऱ्या असाव्यात. मोबाइलचा दिवा त्यात धरू नये.

दंडोबा, मिरज तालुका

भोशाजवळच्या दंडोबाच्या डोंगरात खडक कोरून केलेले गुहामंदिर आहे आणि गाभाऱ्याभोवती काळोखातून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग आहे. मी, माझी नणंद आणि कॉलेजपासूनच्या दोन मैत्रिणी अशा आम्ही गेलो होतो. मी बाहेरच पिशवी उघडू लागले, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आधी देवाला हात जोडा, बाई, मग तुमचं मशीन काढा." त्यांचे म्हणणे मला मनापासून पटले. दर्शनाला येणाऱ्यांची रांग सरेपर्यंत आम्ही दोन तास थांबलो.

बाहेरच्या हवेतून आत गेल्याबरोबर लेन्सवर वाफ धरली. मी घाईने ती पुसली आणि मऊ फडक्याऐवजी पदराने पुसल्यामुळे काचेवर बारीक ओरखडा उमटला, तो आजही आहे. लेन्सला आतल्या हवेची सवय होईपर्यंत पंधरा मिनिटे थांबले असते तर तो टळला असता.

मार्गाची रुंदी कळावी म्हणून नणंद वळणावर उभी राहिली. मागून एक बॅटरी तिच्या पाठीवर, म्हणजे कडा उजळेल आणि चेहरा अंधारात राहील. "वहिनी, श्वास घेऊ का?" तिने विचारले. २५ सेकंद तिने पापणीखेरीज काही हलवले नाही. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८६१ मध्ये पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहात विजेच्या दिव्यांवर छायाचित्रे काढली, तेव्हा एका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत आणि तेवढा वेळ माणूस स्थिर राहणार नाही म्हणून त्याने पुतळे उभे केले होते. मला पुतळा लागला नाही, याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

पाटेश्वर, सातारा

एवढेच लिहितो. तेथील लेण्यांतल्या शिवपिंडींचे प्रकार मोजता मोजता दिवस संपला आणि आम्ही जेमतेम सहा छायाचित्रे घेतली. त्या सहांसाठी माझ्या धाकट्या भावाने दोन तास गुडघ्यांवर बसून उजेड धरला होता.

महाबळेश्वर

माझा अनुभव परत फिरण्याचा आहे. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही पाच जण वटवाघळांच्या एका गुहेपाशी पोहोचलो. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह या माणसाला घातक ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती, हे आमच्यातल्या परिचारिका असलेल्या मैत्रिणीला ठाऊक होते. तरीही मास्क लावून आम्ही गुहेच्या तोंडापर्यंत गेलो. बॅटरीचा उजेड छतावर पडताच सगळे छत हलले. कित्येक माद्यांच्या पोटाशी पिल्ले बिलगलेली होती आणि त्यांतले एक सुटून खाली पडता पडता पुन्हा सावरले. मैत्रिणीने माझ्या हातातली बॅटरी घेऊन बंद केली. कोणीही वाद घातला नाही.

आम्ही बाहेर, वाऱ्याच्या बाजूला बरेच अंतर राखून बसलो. सांजावल्यावर वटवाघळे एकेक करत बाहेर पडू लागली. त्या दिवसाचे माझ्याकडे एकच छायाचित्र आहे, कोणताही दिवा न लावता घेतलेले: करडे आभाळ, त्यावर पंखांच्या पुसट रेघा, आणि खालच्या कडेला वर पाहणारी आमची चार डोकी.